घरातला कारखाना, घरातले ऑफिस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरातल्या मधल्या खोलीचे दार सकाळी साडेनऊला बंद होते. आत सून असते. ती पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि ती नोकरी नगरमध्ये बसून करते. (२०२४ पासून आमचे शहर कागदोपत्री अहिल्यानगर झाले आहे, पण एसटीच्या खिडकीतून कंडक्टरला सांगताना तोंडातून अजून नगरच येते.) दार बंद झाले की घराचे काही नियम सुरू होतात. मिक्सर लावायचा नाही, कुकरच्या शिट्ट्या साडेनऊच्या आत उरकायच्या, आणि चार वर्षांच्या नातवाने त्या दाराला हात लावायचा नाही. शेजारच्या काकू मात्र अधूनमधून येऊन विचारतात, "सून घरीच दिसतेय, सुट्टी आहे का आज?" पाच-सहा वर्षे झाली, हा प्रश्न काही बदललेला नाही.

मला तो नवाही नाही. माझ्या लहानपणी तोफखान्यातल्या आमच्या घरात माझी आई, आम्ही तिला अम्मा म्हणत असू, सकाळपासून दिवे लागेपर्यंत विड्या वळायची. तिलाही कुणी 'कामाला जाते' असे म्हटल्याचे मला आठवत नाही. 'घरीच असते, विड्या वळते' एवढेच म्हणत. आम्ही पद्मशाली. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी. हातमागाचे दिवस होते तोवर आमच्यातल्या बायका मागासाठी कांड्या भरत. माग मागे पडले तशा त्या विडीकडे वळल्या. नगरात हे झाले, संगमनेरला विडीचा धंदा मोठा होता, आणि सोलापूरला तर काही विचारूच नका.

मी स्वतः मात्र ३३ वर्षे एका पतसंस्थेत टेबलखुर्चीवर बसून काढली. दहा ते साडेपाच, मध्ये अर्धा तास डबा. म्हणजे आई घरी, मी ऑफिसात आणि सून परत घरी असा आमच्या तीन पिढ्यांचा प्रवास आहे. घरून काम केल्याने काम जास्त होते की कमी, माणसाचे कामात मन राहते की उडते, यावर हल्ली तज्ज्ञ पुष्कळ बोलतात. मी तज्ज्ञ नाही. पण ज्या घरात हा प्रयोग दोनदा झाला त्या घरातल्या माणसाने चार शब्द बोलायला हरकत नसावी.

आधी अम्माचे काम कसे चाले ते सांगते, कारण विडी वळणे हे आताच्या मुलांनी पाहिलेलेच नाही. कारखाना म्हणजे प्रत्यक्षात एक लांबट खोली. तिथून वजनावर तेंदूची पाने, मापाने तंबाखू आणि दोरा मिळायचा. घरी आणून पाने भिजवायची, फडक्यात गुंडाळून ठेवायची, मऊ झाली की पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला पाने आणि दुसऱ्या बाजूला तंबाखू. चिमूट पानावर पसरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडून बंद करायचे. २५ विड्यांची एक जुडी, ४० जुड्या झाल्या की हजार. मजुरी हजारावर. दिवसाला हजार वळणारी बाई म्हणजे हाताची पक्की समजली जाई. दुसऱ्या दिवशी जुड्या घेऊन कारखान्यात जायचे, तिथला तपासणारा एकेक जुडी हातात घेऊन बघणार, काही बाजूला टाकणार, उरलेल्या मोजून कार्डावर आकडा लिहिणार आणि नवीन पाने देणार.

आता कार्डावरचा आकडा बघा. अम्माच्या कार्डावर बहुतेक दिवशी हजार लिहिलेले असे. म्हणजे तिची उत्पादकता दिवसाला हजार विड्या. पण त्या हजारांतली पाने मी आणि माझ्या बहिणीने शाळेतून आल्यावर कापलेली असत. आजी तोंडे बंद करी. वडिलांची पाळी नसली तर ते जुड्या बांधत. कार्डावर नाव एकटीचे आणि हात चौघांचे. तिने एकटीने, कुणी मध्ये न बोलावता, किती वळल्या असत्या हे त्या कारखान्याला कधी कळले नाही, आणि कळून घेण्याचे त्याला कारणही नव्हते. त्याला हजार मिळत होते.

हे मी इतके लांबवून सांगते याचे कारण आमच्या मधल्या खोलीत आहे. सुनेची महत्त्वाची मीटिंग साडेअकराला असते. त्या वेळात नातू माझ्याकडे. दुपारी त्याला भरवणे, झोपवणे माझ्याकडे. संध्याकाळी अमेरिकेतली माणसे जागी झाली की पुन्हा तास-दीड तास माझ्याकडे. कंपनीच्या संगणकावर तिच्या कामाचे जे तास आणि जे आकडे दिसतात, त्यांत रोजचे माझे तीन-चार तास मिसळलेले आहेत. मला त्याचे वाईट वाटत नाही, नातू माझाच आहे. पण 'घरून काम केल्याने उत्पादकता इतके टक्के वाढली' असे कुणी सांगितले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की त्या घरात आणखी कोण कोण होते?

तज्ज्ञांचे आकडेही मी सुनेकडून समजावून घेतले. त्यांतले तीन प्रयोग मला फार बोलके वाटले.

पहिला चीनमधला. शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीने २०१० च्या अखेरीस आपल्या कॉल सेंटरमधल्या इच्छुक लोकांपैकी ज्यांचा वाढदिवस सम तारखेला येतो त्यांना आठवड्यातले चार दिवस घरून काम दिले आणि विषम तारखेवाल्यांना ऑफिसात ठेवले. अशी वाटणी केली की निवडीत कुणाची मर्जी राहत नाही. नऊ महिन्यांनी पाहिले तर घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढलेले होते. यातला मोठा वाटा, सुमारे ९ टक्के, केवळ जास्त मिनिटे काम झाल्याचा होता, कारण चहापाण्याला उठणे कमी आणि आजारपणाच्या रजा कमी. घरातल्या शांततेमुळे मिनिटागणिक जास्त फोन घेतले गेले तो वाटा सुमारे ४ टक्के. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण तर निम्म्यावर आले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या निकोलस ब्लूम यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर हा अभ्यास केला आणि २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. घरून कामाची बाजू घेणारे लोक अजून त्याचाच दाखला देतात. ते सहसा सांगत नाहीत त्या गोष्टी दोन. एक म्हणजे घरी स्वतंत्र खोली आणि किमान सहा महिन्यांची नोकरी असलेल्यांनाच त्यात घेतले होते. दुसरी म्हणजे प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितले तेव्हा घरून काम केलेल्यांपैकी निम्मे लोक ऑफिसात परत आले. घरी एकटे वाटते, हे त्यांचे मोठे गाऱ्हाणे होते.

दुसरा अभ्यास आपल्याकडचा. टाळेबंदीच्या आधीचे आणि नंतरचे काही महिने मिळून भारतातल्या एका मोठ्या संगणक कंपनीतल्या दहा हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या कामाच्या नोंदी तपासल्या गेल्या. घरी बसल्यावर लोक जास्त तास काम करू लागले होते, पण झालेले काम जवळपास तेवढेच. त्यामुळे तासामागची उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी घसरली. ज्यांच्या घरी मुले होती त्यांची जास्त. वेळ गेला कुठे? मीटिंगांत. ऑफिसात जी गोष्ट शेजारच्या टेबलाकडे मान वळवून विचारता येते, तिच्यासाठी घरून चार जणांना एकत्र बोलवावे लागते. सलग बसून काम करायला मिळणारा वेळ त्यातच खर्ची पडला.

तिसरा प्रयोग चेन्नईचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. संगणकावर माहिती भरण्याच्या कामावर नवीन माणसे घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काहींना घरी, काहींना ऑफिसात बसवली. घरच्यांचे काम १८ टक्क्यांनी कमी भरले. त्यातला दोन तृतीयांश फरक पहिल्याच दिवशी दिसला, उरलेला पुढे पडत गेला, कारण ऑफिसात बसलेले लोक काम लवकर शिकत गेले. इथवर समजण्यासारखे आहे. खरी गोष्ट पुढे आहे. ज्यांनी आधीच सांगितले होते की आम्हाला घरूनच काम हवे, ते सुरुवातीच्या चाचणीत इतरांपेक्षा १२ टक्के सरस होते. म्हणजे हुशार माणसे. पण घरी बसल्यावर नुकसान त्यांचेच जास्त झाले. ऑफिसच्या तुलनेत त्यांचे काम २७ टक्क्यांनी उतरले. ज्यांना ऑफिस हवे होते त्यांचे १३ टक्क्यांनीच. असे उलटे का व्हावे? तर घर मागणाऱ्यांत लहान मुले असलेले, घरातल्या कुणाची सेवा करावी लागणारे आणि गरीब घरांतले लोक होते. घराबाहेर पडणे ज्यांना अवघड, तेच घर मागतात, आणि नेमके त्यांच्याच घरात काम करायला जागा आणि निवांतपणा नसतो.

हे सुनेने वाचून दाखवले तेव्हा मला अम्मा दिसली. हाताला इतकी चपळ बाई. कारखान्यात बसून वळायची सोय तिथे होती, आणि तिथे बसणाऱ्या बायकांचे हात वाऱ्यासारखे चालायचे. पण अम्माच्या मागे सासू, तीन पोरे, नळाची वेळ आणि दोन वेळचा स्वयंपाक. घर हे तिने निवडले असे म्हणायचे ते भाषेपुरते.

आता कामात मन लागण्याविषयी. इंग्रजीत त्याला 'एम्प्लॉयी एंगेजमेंट' म्हणतात आणि मराठीत अजून धड शब्द रुळलेला नाही. कामात जीव असणे म्हणावे, किंवा हे काम आपले आहे असे वाटणे. गॅलप या संस्थेने २०२५ मध्ये जगभरच्या पाहणीचे आकडे दिले. पूर्णपणे घरून वा दूरवरून काम करणाऱ्यांत कामात असा जीव असलेले ३१ टक्के निघाले, तर काही दिवस घरी नि काही दिवस ऑफिसात असणाऱ्यांत २३ टक्के. वरवर पाहता घराचाच विजय. पण आपले आयुष्य बरे चालले आहे का, असे विचारल्यावर घरून काम करणाऱ्यांतले ३६ टक्केच हो म्हणाले, दोन्हीकडे असणाऱ्यांतले ४२ टक्के. कामात जीव आहे आणि जिवाला बरे नाही, अशी ही गंमत. मला ती मुळीच कोड्यात टाकत नाही. अम्मा विडीत इतकी बुडालेली असे की झोपेतही तिची बोटे हलत.

तिला जिवाला बरे वाटे ते कारखान्याच्या दारात. काम घरी होते, पण जुड्या द्यायला रोज जावे लागे आणि तिथे तपासणीसाठी अर्धा-पाऊण तास रांग असे. त्या रांगेत लग्ने जमत, भिशीचे पैसे फिरत, कुणाच्या पोराला खोकला झाला तर कोणता डॉक्टर चांगला ते कळे. लाल बावट्याच्या युनियनची पावतीही तिथेच फाडली जाई. आणि कामाचे ज्ञानही तिथेच मिळे. यंदाची पाने पातळ आहेत, साचा जरा तिरका धरा, असे कुणीतरी सांगे. काही बायका स्वतः न येता पोरांच्या हाती टोपली पाठवत. त्यांच्या जुड्या जास्त बाद होतात, असे अम्मा म्हणायची. माझ्या पाहण्यातही तसेच होते. तपासणाऱ्यासमोर पोर काय बोलणार?

सुनेच्या बाबतीत रांग नाही हीच अडचण आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीच्या आदल्या आठवड्यात ती पुण्याहून बॅग घेऊन आली. मुलगा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, त्यामुळे लग्नानंतर दोन वर्षे दोघे शनिवार-रविवारचेच नवरा-बायको होते. टाळेबंदीने त्यांचा संसार सुरू झाला असे मी गमतीने म्हणते. काम ती चोख करते, हे मी दाराबाहेरूनही सांगू शकते. पण गेल्या तीन वर्षांत दोनदा तिच्या मागून आलेल्यांना वरची जागा मिळाली. ते रोज ऑफिसात दिसतात. सीट्रिपच्या प्रयोगातही हेच दिसले होते. काम सारखे असले तरी घरी बसलेल्यांच्या वाट्याला बढत्या कमी आल्या. साहेबाच्या डोळ्यांसमोर नसलेला माणूस बहुधा त्याच्या मनातही राहत नाही.

पाने-तंबाखूचा हिशेब मी अजून सांगितला नाही. वजनावर दिलेल्या पानांत हजार विड्या बसल्याच पाहिजेत असा कारखान्याचा हिशेब असे. पाने फाटकी निघाली, कमी पडली, तर बाईने पदरचे पैसे घालून बाजारातून आणायची. बाद केलेल्या विडीला 'छाट' म्हणत. तिची मजुरी नाही आणि ती विडी परतही नाही. सुनेची पाने म्हणजे वीज आणि इंटरनेट. आमच्याकडे इन्व्हर्टर आम्ही घेतला, पाठीला आधार देणारी खुर्ची आम्ही घेतली, नेट बंद पडले तर मोबाइलवरचे पैसे तिचे. मला विचाराल तर घरून कामाच्या नफ्यातोट्याच्या कुठल्याही तक्त्यात ही ओळ सर्वांत आधी लिहावी. ती बहुतेक वेळा नसतेच.

विडीवाल्या बायकांनी ही ओळ लिहून घेतली, पण त्याला किती वर्षे लागली ते पाहा. घरी बसून वळणारी बाई कामगार आहे की नाही, इथूनच वाद होता. मालक म्हणत, ती आमच्या छपराखाली नाही, तिच्या वेळेवर आमचा ताबा नाही, मग ती आमची नोकर कशी? १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला आणि त्यात घरी कच्चा माल नेऊन विड्या वळणाऱ्यांनाही कामगारांच्या व्याख्येत घेतले गेले. महाराष्ट्राच्या नियमांनी छाट सर्वसाधारणपणे शेकडा ५ हून जास्त काढू नये असे ठरवले. मालक न्यायालयात गेले, पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. पुढे भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न आला. त्यावर १९८५ मध्ये त्याच न्यायालयाने जे सांगितले ते मला फार शहाणपणाचे वाटते. घरात येऊन कुणी पाहारा करत नसला तरी माल तुम्ही देता आणि तयार विडी नाकारण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे. एवढा ताबा मालक-नोकर नाते ठरायला पुरे आहे. थोडक्यात, जो काम नापास करू शकतो तो मालक, मग नोकर कुठेही बसो. हा १९६६ चा कायदा आता नव्या कामगार संहितांत विलीन झाला आहे. त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, आणि घरबसल्या काम करणाऱ्यांची व्याख्या सामाजिक सुरक्षेच्या संहितेत आहे.

संगणकवाले मात्र अजून दोलायमान आहेत. टीसीएसने २०२० मध्ये सांगितले होते की २०२५ पर्यंत एका वेळी आपल्या २५ टक्केच लोकांना ऑफिसात यावे लागेल. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून लोकांना आठवड्याचे पाचही दिवस बोलावले. दोन्ही टोकांना जायची गरज नसावी. वर सांगितलेल्या चिनी कंपनीनेच पुढे सोळाशेवर कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला. तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर. २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कामाच्या मूल्यमापनात किंवा बढतीत फरक पडला नाही, आणि नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले. विशेषतः स्त्रिया आणि लांबून येणारे लोक टिकले.

गेल्या महिन्यात सुनेच्या कंपनीचाही निरोप आला, आठवड्यातले तीन दिवस पुण्याला या. नगर ते पुणे १२० किलोमीटर. पहाटेची एसटी, वाघोलीची गर्दी, परत यायला रात्र. ती दोन दिवस रडवेली होती. मी म्हटले, "अगं, जाऊ नकोस असं मी सांगणार नाही. रांगेत उभं राहिलंच पाहिजे. पण तीन दिवस कोणते ते त्यांना ठरवू दे, आणि त्या दिवशी तुझे साहेबसुद्धा तिथे असू देत. रिकाम्या ऑफिसात बसून पुन्हा संगणकावरच बोलायचं असेल तर इथली खोली काय वाईट?"

"आई, असं कुणी विचारत नाही कंपनीला," ती म्हणाली.

"आमच्या अम्मानेसुद्धा आधी छाटीच्या विड्या परत मागितल्या नव्हत्या," मी म्हटले.

मग आम्ही दोघींनी रात्री बसून पत्र तयार केले. मजकूर तिचा, पतसंस्थेत आयुष्य गेल्यामुळे कलमे पाडण्याचे काम माझे. संपूर्ण चमू एकाच दिवशी येणार असेल तर दोन दिवस येईन. घरच्या दिवशी संध्याकाळी सातनंतर मीटिंग नको. बढतीसाठी काय मोजता ते लेखी कळवा. आणि वीज-इंटरनेटचा ठरावीक भत्ता द्या. शेवटचे कलम तिला काढून टाकायचे होते, मी राहू दिले. गेल्या सोमवारी पत्र गेले आहे, उत्तर अजून आलेले नाही. तोवर साडेनऊला दार बंद होते आहे, आणि नातू बाहेर माझ्यापाशी.